निळ्या बशांची भिंत

मी भित्री आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे, शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बायांना माहीत आहे, आता तुम्हालाही सांगून टाकते. वरच्या मजल्यावर कुणी पलंग सरकवला तरी माझा हात आधी ओट्याच्या कडेला जातो. पेल्यातलं पाणी हललं की मी बोलता बोलता थांबते. नवरा म्हणतो, "ट्रक गेला." खिडकीतून बघावं तर ट्रकच गेलेला असतो, आणि मग घरात माझी थट्टा चालते. मी पण हसते. हसताना पेल्याकडे लक्ष असतं.

अलीकडे मात्र दर वेळी ट्रकच असतो असं नाही. आमच्याकडची जमीन अधूनमधून हलते. मोठं काही नाही. पोटात गडगडल्यासारखा आवाज खालून येतो, मांडणीतली भांडी एकमेकांना लागतात, पंखा झुलतो, आणि काय झालं ते कळेपर्यंत सगळं जागच्या जागी असतं. मग फोनवर एकच विचारणा सुरू होते, "तुमच्याकडं जाणवलं का?" परभणीहून सेलूला, सेलूहून वालूरच्या पाहुण्यांना. दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात बातमी असते, सौम्य धक्का. सौम्य लिहिणारा माणूस दगडमातीच्या भिंतीशी उशी लावून झोपत नसणार.

माझी आई झोपायची. चुडाव्याला, रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, आमच्या जुन्या दोन खोल्यांत, एकटी. तिच्या उशाशी बशांची भिंत होती. मागच्या महिन्यात एक जोराचा हिसका बसला आणि मी ठरवलं की आता पुरे. बशा उतरवायच्या, खोक्यांत भरायच्या आणि आईला परभणीला घेऊन यायचं. बशा निघाल्या की आईही निघेल, असा माझा हिशेब होता.

दार लोटलं की त्या खोलीत आधी वास भेटायचा. फिनेल, निलगिरीचं तेल, आणि त्याच्याखाली कुठेतरी मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा एक परका वास. मग डोळे अंधाराला सरावायचे आणि भिंत दिसायला लागायची. पांढऱ्या चुन्यावर निळ्या बशा, कडेला कड लागून, जमिनीपासून हातभर वर सुरू होऊन थेट छतापर्यंत. चुना लावताना लोक त्यात निळीची पुडी टाकतात. आई टाकू द्यायची नाही. म्हणायची, भिंत निळी झाली तर बशांतला निळा मरतो.

या बशा खाण्यापिण्याच्या नव्हेत. नाताळच्या आहेत, आणि नाताळ आमच्या घरात कधी झाला नाही. आई तरुणपणी एका मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली. तिथं डेन्मार्कहून आलेल्या करेनबाई मोठ्या सिस्टर होत्या. त्यांनी आईला टाके घालायला शिकवलं आणि आईनं त्यांना भाकरी थापायला. पुढे करेनबाई आपल्या देशी परत गेल्या. का गेल्या ते मला कुणी सांगितलं नाही, आणि आई तो विषय काढायची नाही. त्यानंतर दर वर्षी पोस्टानं एक बशी यायची. त्यांच्याकडे म्हणे रिवाज आहे, दर नाताळाला एकच चित्र, एकच बशी, खाली त्या सालाचा आकडा. साल संपलं की साचा फोडून टाकतात. ती बशी पुन्हा कधी निघत नाही.

नाताळची बशी आमच्याकडे संक्रांत उलटून गेल्यावर पोचायची. पूर्णेहून पोस्टमन पार्सल आणायचा तेव्हा आई त्याला आधी ते कानाशी धरून हलवायला लावायची. खुळखुळलं नाही की चहा. आत लाकडाचा भुसा, न कळणाऱ्या भाषेतला पेपर, आणि त्या पेपराला लवंगेसारखा, मेणासारखा वास. तो पेपर आई फेकायची नाही, लुगड्यांच्या घडीत ठेवायची. लहानपणी मला वाटायचं आईच्या अंगालाच तो वास आहे.

सगळ्या बशा एकाच चितारीच्या हातच्या. मागच्या बाजूला कोपऱ्यात त्याची बारीक खूण असायची, उडत्या पाखरासारखी. आई ती खूण आधी बघायची, चित्र नंतर. तिला त्याचं असं काही वेड लागलं की आधीच्या सालांच्याही बशा हव्यात म्हणून तिनं करेनबाईंना लिहिलं. त्या तिकडच्या जुन्या बाजारातून शोधून पाठवायच्या, आणि आई त्यांना आपल्या हातानं शिवलेली वाकळ पाठवायची. जुन्या साड्यांच्या चिंध्यांची वाकळ घेऊन बाबा पूर्णेच्या पोस्टात गेले की तिथला कारकून विचारायचा, "हे डेन्मार्कला कामून पाठवायलाय?" बाबा म्हणायचे, "तिकडं थंडी लय हाय."

बशांना मागं कडेला दोन बारीक भोकं असतात, दोरा ओवायला. आई टाके घालायचा काळा रेशमी दोरा वापरायची आणि गाठही टाक्याचीच मारायची. ती गाठ सुटत नाही, कापावी लागते. बुद्धपौर्णिमेला सकाळी सगळे दोरे कापून बशा उतरायच्या, रिठ्याच्या पाण्यात धुवून निघायच्या आणि नव्या दोऱ्यानं परत वर जायच्या. चुलीवर खिरीचं दूध आटत असायचं. मला बशीला हात लावायची परवानगी नव्हती. मी खाली जाड टॉवेल पसरून धरायची, बशी सुटलीच तर झेलायला. माझी बोटं आखडून जायची. त्या दिवसाची खीर कशी लागायची ते मला आठवत नाही, टॉवेलाची चार टोकं मात्र आजही आठवतात.

आमची भिंत बघायला लोक यायचे. आई प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर होती, आसपासच्या गावांतल्या बाळंतिणी तिच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे घरी राबता होता. कुणी हळूच विचारायचं, "शिष्टर, तुमी किरिस्ताव झालाव का?" आई हसायची. "आमी एकदा बदललो ते बदललो. आता बशीपायी परत कुठं बदलता?" आणि बशांच्या शेजारच्या फळीवरच्या बुद्धाच्या मूर्तीवरची धूळ फुंकायची. शेजारचे मन्मथअप्पा किराणा दुकान चालवायचे, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. बशांवरचा बर्फ पहिल्यांदा बघून ते म्हणाले होते, "एवढा कापूस! सेलूच्या मोंढ्यात बी न्हाई बगा." आईनं समजावलं की हा बर्फ आहे, आभाळातून पडतो. अप्पा मान हलवत राहिले, पण जाताना परत एकदा वळून कापसासारखंच बघून गेले.

आणि मी त्या बशांना भ्यायची.

त्या चितारीला माणसांची तोंडं काढता येत नसावीत, किंवा काढायची नसावीत. प्रत्येक बशीत बर्फातून कुणीतरी चाललेलं असायचं. कंदील घेतलेला म्हातारा, लाकडाची मोळी ओढणारी बाई, लेकराचा हात धरलेला बाप. सगळ्यांची आमच्याकडे पाठ. पुढे लांब एक उजेडाची खिडकी किंवा देवळाचा कळस, आणि ही माणसं तिकडे निघालेली. दिवेलागणीला आई ड्युटीवरून आलेली नसायची, बाबा स्टेशनात असायचे आणि मी त्या भिंतीसमोर गृहपाठ घेऊन बसायची. मला वाटायचं की मी नजर काढली की यांतलं एखादं माणूस वळेल. वळलं तर वळलं, पण त्याला तोंड नसलं तर?

एकदा मी आईला विचारलं, "ही लोकं कुठं चाललीत?"

"घरी."

"मग पोचत कामून न्हाईत?"

"बर्फ हाय ना गं. हळूहळू चालायलेत," आई म्हणाली आणि मला जवळ घेऊन खुदकन हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मग किल्लारी झाली. मी तेव्हा फ्रॉक घालायच्या वयाची होते. आमच्याकडे पडझड काही झाली नाही, पण त्या पहाटे भिंत वाजली. आई पहिल्या पाळीसाठी उठून चूल पेटवत होती. तिनं आधी बशांची किणकिण ऐकली, मग तिच्या पायाखालची जमीन हलली. सकाळी रेडिओवर बातम्या सुरू झाल्या, गावंच्या गावं दगडमातीखाली गेल्याच्या. गल्लीतली बायामाणसं आपापल्या भिंतींकडे बघत उभी होती. तशाच भिंती. तेच दगड, तीच माती. आदल्या दिवसापर्यंत त्या भिंतींना आम्ही पाठ टेकून बसत होतो.

तो सगळा हिवाळा आमची गल्ली उघड्यावर झोपली. आमच्या दारापुढं कडुलिंबाचं झाड आणि मोकळी जागा, म्हणून सगळ्यांची अंथरुणं तिथं आली. पऱ्हाट्यांची शेकोटी, तिचा डोळ्यांत जाणारा धूर, दवानं ओल्या झालेल्या वाकळांचा कुबट वास, अप्पांच्या अंगाचा भस्माचा वास, आणि कुणाचं तरी लेकरू सारखं खोकत असलेलं. आई माझ्या फ्रॉकच्या टोकाला आपल्या पदराची गाठ मारायची. मी कूस बदलली की तिलाही बदलावी लागायची.

आईला बशा उतरवायच्या होत्या. तिनं पेटी काढली, वाकळी काढल्या, कात्री हातात घेतली. पण पहाटे बशा आधी वाजल्याची गोष्ट तिनं हापशावर सांगितली होती, आणि ती तोवर गावभर झालेली. अप्पा दारात येऊन उभे राहिले, त्यांच्यामागं त्यांची बायको गिरिजाकाकू, त्यांच्यामागं अर्धी गल्ली.

"शिष्टर, बशा उतरू नका बरं," अप्पा म्हणाले. "जमीन हलायच्या आधी त्याच बोलतात. लेकराबाळांना तेवढाच आधार हाय."

"अप्पा, फुटल्या तर परत न्हाई मिळायच्या."

"माणसं तरी परत कुठं मिळतात, शिष्टर?"

आईनं कात्री ठेवून दिली. तिनं एकेका बशीची गाठ तपासली, जिथं दोरा सैल वाटला तिथं दुहेरी केला. मी तिचे हात बघत होते. बाळंतपणात एकदाच गाठ मारून मोकळे होणारे ते हात त्या वेळी तीच गाठ परत परत चाचपत होते, आणि मला कळलं की आईसुद्धा भिते. मला त्याचंच जास्त भय वाटलं.

तेव्हापासून गल्लीनं आवाज कमी केला. खरंच सांगते. बशा ऐकू याव्यात म्हणून बायांनी उखळी गल्लीच्या टोकाला नेल्या. अप्पा गुळाची ढेप जमिनीवर आपटायचे ती आता दोन्ही हातांनी खाली ठेवायला लागले. आम्ही पोरं लंगडी खेळलो की कुणीतरी ओरडायचं, कारण आमच्या उड्यांनीही जमीन हलते असा एका म्हातारीचा पक्का समज होता. सगळं गाव कुजबुजत होतं, आणि मधूनच कुणीतरी बोट ओठांवर ठेवायचं. सगळे गप्प. कान आमच्या उघड्या दाराकडे. आत अंधारात ती पाठमोरी माणसं.

पण घर रुळांशेजारी. गाडी गेली तरी बशा वाजायच्या. बाबा रेल्वेत सांधेवाले होते, गाडीला रूळ बदलून द्यायचं त्यांचं काम. त्यांनी सगळ्यांना समजावलं की गाडीची किणकिण बारीक सुरू होऊन वाढत जाते, जमिनीची एकदम येते. पॅसेंजरच्या वेळा सगळ्यांना पाठ झाल्या. मालगाडीला मात्र वेळ नसते. ती तिच्या मनानं येते.

एका संध्याकाळी ती आलीच. गिरिजाकाकूंच्या तव्यावर भाकरी होती, मी आईच्या पदराला बांधलेली, उंबऱ्यात पाढे म्हणत होते. बशा एकदम वाजल्या. किणकिण वाढत जातेय का ते ऐकायला कुणी थांबलं नाही. कुणीतरी किंचाळलं आणि सगळी गल्ली बाहेर फुटली. आई मला ओढत निघाली, पदराची गाठ ताणली गेली, माझा फ्रॉक काखेत फाटला. अप्पा गळ्यातलं लिंग मुठीत धरून पळाले ते सरळ गटारात. आणि मग लांबच लांब मालगाडी आली. डबे, डबे, डबे. शेवटच्या डब्यातून गार्डानं आम्हाला हिरवा दिवा हलवून दाखवला, आम्ही त्याच्या स्वागताला जमलो आहोत असं त्याला वाटलं असावं. गाडी गेली. मग गटारातून अप्पांचं हसू ऐकू आलं आणि सगळे हसत सुटले, पोट धरून. गिरिजाकाकू हसता हसता रडायला लागल्या आणि त्यांचं रडणं काही थांबेना. भाकरी करपल्याचा वास सगळीकडे भरला होता. माझा फ्रॉक ओला झाला होता. आईला ते कळलं, तिनं माझ्यापुढं पदर धरला.

होळीच्या सुमारास लोक एकेक करून घरात झोपायला गेले. कुणी सांगून गेलं नाही. एक दिवस झाडाखाली फक्त आमचीच वाकळ होती. मग आम्हीही आत आलो, पण माझं भय काही आत आलं नाही की बाहेर राहिलं नाही. ते माझ्या कानांत बसलं.

बशा पुढेही येत राहिल्या. एका वर्षी पार्सल फोडलं तर त्या बशीतली माणसं आमच्याकडे तोंड करून होती. गुबगुबीत गाल, लाल टोप्या, हसरी पोरं. आईनं बशी उलटी केली. पाखराची खूण नव्हती. "चितारी गेला वाटतं," ती म्हणाली. ती बशी भिंतीवर चढली नाही. तिनं करेनबाईंना लिहिलं की आता पाठवू नका, आणि वाकळ मात्र पाठवली. त्यानंतर काही वर्षं नुसती पत्रं आली, मग तीही थांबली. बाबा गेले. अप्पा गेले. माझं लग्न झालं. आईचे कान हळूहळू गेले, इतके हळूहळू की आम्हाला वाटायचं ती रागावलीय.

तर त्या हिसक्यानंतर आठवड्यानं मी पॅसेंजरनं चुडाव्याला उतरले. दुपार होती. आई खाटेवर बसून माझी वाट बघत होती, शेजारी काठी. गुडघ्यांमुळे तिला उठायला वेळ लागतो, आधी काठी रोवायची, मग खाटेची कड धरायची, मग देह वर. गिरिजाकाकू अंगणात कडुलिंबाखाली डाळ निवडत होत्या. त्यांचीही कंबर वाकलीय, पण कान शाबूत आहेत. आईशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि मी ओरडले की काकू बाहेरून उत्तर द्यायच्या.

"आई, तू माझ्याबरोबर चल!"

"न्हाई येत."

"जमीन हलायलीय!"

"परभणीला काय जमीन न्हाई का? तू तर तिसऱ्या मजल्यावर. तिथून कुठं पळायचं?"

बाहेरून काकू म्हणाल्या, "खरं हाय ते."

"तिथल्या भिंती सिमेंटच्या आहेत!"

"बशा घेऊन जा तू," आई म्हणाली. "तुझ्या पोरांना दाखव. मी हाय इथं. मला ऐकूच येत न्हाई तर मी कशाला भ्यायचं?"

माझा हिशेब चुकला होता. बशा तिनं किती सहज सोडल्या. मला राग आला, आणि रागाच्या तळाशी भय होतं, तिला या भिंतीखाली सोडून एकटं परत जायचं भय. म्हटलं, आधी बशा उतरवू, रिकामी भिंत बघितली की कदाचित तिचं मन बदलेल. मी स्टूल घेतलं, कात्री घेतली. आई खाटेवरून सांगत होती, आधी वरच्या, मग मधल्या, दोरा बशीजवळ काप, खिळ्याजवळ न्हाई. ती अजून तशीच होती, कामाचं सांगताना आवाज चढणारी. एकेक बशी उतरत होती आणि मागं चुन्यावर तिच्याएवढा एक उजळ गोल राहत होता. मला हलकं वाटायला लागलं. मी तिला विचारलंही, "ही कंदिलवाली कितव्या सालची गं?" ती म्हणाली, "वाच की, खाली लिहिलंय."

कंदिलवाला म्हातारा माझ्या हातात होता. मी दोरा कापला, स्टुलावरून उतरले. आणि पायांच्या बोटांना जमिनीतली थरथर लागली. आवाज नंतर आला, खालून, लांबून कुणी दगडांची गाडी ओतावी तसा. भिंतीवर राहिलेल्या बशा एकदम वाजल्या.

पुढच्या क्षणी मी अंगणात कडुलिंबाखाली उभी होते. मधलं मला आठवत नाही. उंबरा कधी ओलांडला, चप्पल कुठं राहिली, काही नाही. पायाखाली खडे टोचत होते आणि बशी मी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली होती. तिला टवकाही गेला नव्हता.

काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बशीकडे बघितलं.

"आई कुठाय?"

मी दाराकडे बघितलं. आत अंधारात आई खाटेवर बसलेली होती. काठी तिनं रोवली होती, पण देह वर आला नव्हता. ती माझ्याकडेच बघत होती. मी एक पाऊल पुढं टाकलं, एवढं मला नक्की आठवतं. तेवढ्यात तिनं काठीवरचा हात उचलून तळवा माझ्याकडे केला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ओरडली, "थांब! आत येऊ नको!"

मी थांबले. आईनं सांगितलं म्हणून थांबले, असं म्हणायला मला आवडेल. पण तिनं हात वर केला तेव्हा माझ्या अंगातून जे गेलं ती सुटका होती. पाय जागचे हलले नाहीत. छपरातून माती भुरभुरत होती, दारातल्या उन्हात ती सोन्यासारखी दिसत होती, आणि मी उभी होते. गिरिजाकाकू माझ्या शेजारून, वाकलेल्या कमरेनं, भिंत धरत धरत आत गेल्या. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना सावरत बाहेर आल्या. त्यांना किती वेळ लागला ते विचारू नका.

काकूंनी आईला आपल्या पोत्यावर बसवलं. पाणी आणलं. जमीन केव्हाच थांबली होती, झाडावर पाखरं परत ओरडायला लागली होती. आईनं माझ्या हातातली बशी घेतली, कडेवरून बोट फिरवलं आणि परत माझ्या हातात दिली. मला वाटलं आता ती काहीतरी म्हणेल. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"चल. येते मी परभणीला," ती म्हणाली.

मी तिच्यापुढं खाली बसले. "आत्ता तर न्हाई म्हणत होतीस."

"मी इथं राहिले तर तू येत राहशील मला न्यायला," आई म्हणाली. "एखाद्या येळेला तू आत असशील अन् तुला पळायला जमणार न्हाई. ते नको."

काकूंनी डाळीचं सूप उचललं आणि निवडायला घेतलं. त्यांनी मान वर केली नाही.

मी म्हणाले, "आई, मी तुला सोडून पळाले."

"काय?"

मी परत तेवढ्याच हळू आवाजात म्हणाले.

"मोठ्यानं बोल की गं," आई कानामागं हात धरून म्हणाली. "ऐकू येत न्हाई मला."

आता ती आमच्याकडे असते. दिवसभर गॅलरीत बसून रस्त्यावरची माणसं बघते, नातवंडांना टाक्याची गाठ शिकवते. सकाळी मी तिच्या डोक्याला तेल लावते तेव्हा तिचा कान माझ्या तोंडापासून वीतभरावर असतो. ती मधेच विचारते, तू त्या दिवशी काहीतरी म्हणत होतीस, काय ते? मी म्हणते, काही नाही. तिला ऐकू जायचं तर घरभर ऐकू जाईल असं ओरडून सांगावं लागेल, आणि एवढ्या मोठ्यानं ते मला अजून म्हणता आलेलं नाही.